खोकल्याचं बिस्कीट

देवरावकाकांच्या हातचं बिस्कीट खायचं म्हणजे आधी श्वास रोखायचा. वर पिठीसाखरेचा इतका जाड थर, की श्वास घेतला की ठसका लागलाच. काका ताटली घेऊन समोर उभे राहत आणि बजावत, "पहिले गीळ, मंग बोल."

काका आमचे वरठीतले शेजारी. उमर गेली मालवाहू जहाजांवर आचारी म्हणून. गोंदिया वेगळा जिल्हा झाला त्या सुमाराला ते कायमचे परतले, ते एका ग्रीक आचाऱ्याकडून शिकलेली ही बिस्किटं घेऊन. लोणी, बदाम आणि साखर. तिकडे नाताळात करतात. नाव कुराबिएदेस. काकूंनी ते एकदाच म्हणून पाहिलं. गल्लीने 'खोकल्याचं बिस्कीट' करून टाकलं.

डिसेंबर लागला की थकायचो आम्ही. लोणी गाईचंच हवं म्हणून काका सायकलने आंधळगाव गाठत. मग दिसेल त्याच्या हातात फेटायला भांडं. बेकरीवाला त्यांना पाहून शटर ओढायचा.

"काका, तुमचं बिस्किट लय नखरे करते."

"बिस्किट नाही, तुही भट्टी नखरे करून राहिली!"

काकू गेल्या, तेव्हा वाटलं आता थांबतील. त्याही डिसेंबरात ताटली आलीच.

मग माझे बाबा गेले. तेरवी झाली, पाहुणे पांगले. स्टील प्लांटमधून कामावरून येऊन मी बूटही न काढता अंगणात बसून राहायचो. येणारा-जाणारा विचारायचा, "कसे गेले?" तेच तेच सांगून जीभ जड झाली होती.

एका संध्याकाळी काका आले. ताटली स्टुलावर ठेवली, शेजारी बसले. काहीच विचारलं नाही. शेवटी मीच चिडून म्हणालो, "काका, एवढे कष्ट कायले घेता? कोणाले आवडत नाही हे."

"मालूम हाये." काका म्हणाले. "माही माय गेली तवा मी समुद्रात होतो. वायरलेसवर खबर आली. जहाज थोडी मागं फिरते? त्या ग्रीकले मराठी येत नव्हती, मले त्याची भाषा. त्यानं हे बिस्किट बनवले अन् दिवसभर माह्या बाजूले बसून राहिला. बस, बसलाच."

मी एक बिस्कीट उचललं. ते गिळून विचारलं, "काकू गेल्या तेव्हा तुमच्यापाशी कोण बसलं?"

"घरोघरी ताटली नेली ना म्या," काका म्हणाले. "सगळ्यायनं घेतली. दारातूनच."

मी बूट काढले आणि आत बायकोला हाक मारली, "काकांचंही ताट वाढ."