राक्षसाचं वकीलपत्र

आमच्या नाना वकिलांनी राक्षसाचं वकीलपत्र घेतलं होतं. एकाच राक्षसाचं नाही, गोष्टींतल्या यच्चयावत राक्षसांचं. कादंबरीत राक्षस आला की नाना ताठ बसायचे, चष्मा कपाळावर ढकलायचे आणि म्हणायचे, "आमच्या अशिलाचं म्हणणं कोणी ऐकून घेतलंय का?"

मी तेव्हा दिंडोरीची शाळा उरकून नाशकात कारकुनीला लागलो होतो. काम बेताचं आणि माणसांच्या नकला फार. त्या नकलांच्या जोरावरच मला वाचन मंडळात घेतलं. मंडळ म्हणजे आम्ही सहा माणसं. मेन रोडवरचा पुस्तकवाला दर महिन्याला दोन कादंबऱ्या पसंतीला पाठवायचा. एक ठेवायची, नापसंत ती परत. ठेवलेली पाळीपाळीनं वाचायची आणि शनिवारी अध्यक्ष भाऊसाहेबांच्या माडीवर जमून तिच्यावर बोलायचं. दोनांतलं ठेवायचं पुस्तक ज्यानं सुचवलं त्याला ते पहिल्यांदा घरी न्यायला मिळे. नाना सुचवायचे फक्त अद्भुत. जादूचा आरसा असो, उडता घोडा असो, बरोबर राक्षस पाहिजेच. गावच्या वाचनालयातले सगळे राक्षस त्यांनी केव्हाच निर्दोष सोडवले होते.

ते बोलायला लागले की कोर्टच भरायचं. "राजपुत्र गुहेत शिरला तो कुणाला विचारून? घरमालक बाहेर गेलेला. याला कळतं की त्याचा जीव पोपटात आहे. हा पिंजरा उघडतो, पोपटाची मान मुरगळतो. घरफोडी आणि खून. आणि आमचं अशील काय म्हणालं? 'माणसाचा वास येतोय.' येत होता म्हणून म्हणालं. हा गुन्हा कुठल्या कलमात बसतो?"

खऱ्या कोर्टात मात्र नानांचा आवाज फुटायचा नाही. न्यायाधीशानं नुसती मान वर केली की नाना म्हणत, "पुढची तारीख मिळावी." त्यांचे पक्षकार तारखा घेत घेत म्हातारे व्हायचे. मी एकदा त्यांच्या तोंडावरच ही नक्कल केली. पोट धरून हसले. मग म्हणाले, "'मिळावी'च्या आधी जरा घसा खाकर. मी खाकरतो तिथं." स्वतःची नक्कल दुरुस्त करून देणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

नाना राहायचे तांबट आळीत, दोन खोल्यांत. दिवसभर समोर भांडी ठोकण्याचा आवाज. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, घरात एक मुलगी, गोदू. गोदू माझ्याहून चारपाच वर्षांनी मोठी आणि उंच इतकी की दारातून वाकून यायची. दात पुढे. हसली की समोरच्या तांबटाची हातोडी थांबायची. आळीतली पोरं तिला राक्षसीण म्हणून ओरडायची. तीही डोळे वटारून, दात काढून त्यांच्यामागे धावायची. पोरं खिदळत पळायची. मग ती घरात जायची आणि बराच वेळ बाहेर यायची नाही.

बायकांना मंडळात घेत नसत. म्हणून नाना आपल्या पाळीचं पुस्तक तिला रोज संध्याकाळी मोठ्यानं वाचून दाखवायचे. तिला वाचता येत नव्हतं असं नाही, चांगली सातवी पास होती. तरी वाचायचे नानाच.

एकदा चांदवडहून तिला बघायला माणसं आली. मुलाच्या आईनं चहा घेतला, गोदूला उभं राहायला सांगितलं, मान वर करून पाहिलं आणि परत बसायला सांगितलं. संध्याकाळपर्यंत सगळ्या आळीला कळलं होतं, नापसंत.

त्याच आठवड्यातला शनिवार. मी नानांबरोबर भाऊसाहेबांकडे निघालो होतो. पुलावर नाना म्हणाले, "गोदूला सांगून आलोय. आज राक्षस घेऊनच येतो."

माडीवर पाहतो तर दोन पुस्तकांतलं राक्षसाचं भाऊसाहेबांनी परतीच्या कागदात गुंडाळूनही ठेवलेलं. भाऊसाहेब म्हणजे निवृत्त हेडमास्तर. नाकातून बोलायचे आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी हवेत छडी मारायचे. त्यांनी सांगून टाकलं की यापुढे मंडळ फक्त सामाजिक वाचेल. या महिन्यात हुंड्यावरची कादंबरी ठेवायची. देशातली शहाणी माणसं तुरुंगात जातायत आणि आपण राक्षस काय वाचतोय?

"तुरुंगातली सगळीच गुन्हेगार नसतात, हे तुम्हीच म्हणताय," नाना म्हणाले. "मग गुहेतलीच तेवढी कशी असतील?"

आम्ही हसलो. भाऊसाहेब हसले नाहीत. "नाना, राक्षसांची तरफदारी, आणि तीसुद्धा या गावात बसून?"

"याच गावात करायला पाहिजे. भाऊसाहेब, गावाला नाशिक का म्हणतात?"

"राक्षसिणीचं नाक कापलं म्हणून. शेंबडं पोर सांगेल."

नाना उठून उभे राहिले. आवाज एकदम खाली आला. "तिनं केलं काय होतं हो? लग्नाचं विचारलं. पसंत नव्हती तर नाही म्हणायचं. नाक कशाला कापायचं?"

चांदवडची माणसं कशाला आली होती, हे सगळ्यांनाच माहीत होतं. कादरभाई पुढे सरकले. ते मूळ मालेगावच्या विणकरांतले, नाशकात त्यांचं लुगड्यांचं दुकान होतं. "भाऊसाहेब, देऊन टाका ना. हुंड्याचं पुढच्या महिन्यात वाचू. हुंडा कुठं पळून चाललाय?"

भाऊसाहेबांनी स्वतः दोरा सोडला आणि पुस्तक नानांच्या हातात दिलं. छडी काही मारली नाही.

पुढची पाळी माझी होती, म्हणून आठवड्यानं मी पुस्तक आणायला गेलो. तांबटांचे हातोडे थांबले होते. नानांचा आवाज जिन्यातच ऐकू आला, असा खणखणीत की कोर्टानं कधी ऐकला नसेल. शेवटचं पान चाललं होतं. राजपुत्रानं पोपटाच्या मानेला हात घातला. पोपट म्हणाला, बाबा रे, आधी त्याला विचार तरी. राजपुत्रानं राक्षसाला विचारलं. राक्षसानं सगळं सांगितलं. मग राजपुत्रानं पोपटाला पिंजऱ्यात नीट ठेवलं आणि दोघं एका पंगतीला जेवायला बसले. समाप्त.

मी वर गेलो तेव्हा नाना डोळ्यांवर पाणी मारायला मोरीकडे गेले होते. गोदूनं पुस्तक माझ्या हातात दिलं.

"नकल्या, शेवट वाचून गोंधळू नको हं," ती हळूच म्हणाली. "नाना वाचतात तसा तो नाहीये."

"म्हणजे?"

"पुस्तकात मान मुरगळतात. नाना कोर्टात गेले की मी पहिल्याच दिवशी वाचून काढते. सगळीच काढते."

मग नानांना तसं सांगत का नाहीस, असं मी विचारलं. तिनं मोरीकडे एकदा पाहून घेतलं.

"इतक्या कष्टानं सोडवून आणतात त्याला," ती म्हणाली. "कशाला सांगायचं?"

नाना पंच्यानं तोंड पुसत आले. "ऐकलास ना रे शेवट? कसा काय वाटला?"

"अशील सुटलं, नाना."

"सुटणारच," नाना म्हणाले आणि घसा खाकरला.

"मग आता पुढची तारीख?" गोदूनं विचारलं, आणि अशी हसली की समोरचा तांबट खिडकीतून डोकावून पाहायला लागला.