वीरभद्रआप्पांचं पायडल

आमच्या झरीच्या वीरभद्रआप्पा शिंप्याचा उजवा पाय कधी थांबलेला कुणी बघितला नाही. चावडीवर बसोत की न्हाव्यापुढं, मशीनचं पायडल मारल्यागत टाच-चवडा, टाच-चवडा चालूच! त्या हालण्यापायी न्हाव्यानं दोनदा गाल कापला, तर आप्पा उलट त्यालाच म्हणाले, "तुझ्या हाताला पायडल न्हाई बाबा."

हा शब्द त्यांना कुठंही चालायचा. कुणी वारलं की, "पायडल थांबलं, शिव शिव." कुणाचं लग्न जमलं की, "जोडपायडल बसलं." निजामाच्या कचेरीत अर्ज अडकला की, "वरून पायडलच न्हाई, खाली चाक काय फिरतंय?"

एकदा महसुलाच्या गिरदावरसाहेबांची सायकल गावात आली. "पायडलाचंच यंत्र हाय की, त्यात काय एवढं!" म्हणत आप्पा चढले आणि शिलाई मशीनसारखी टाच-चवडा करायला लागले. सायकल पुढं कशाला जाती? आडवी होऊन आप्पांसकट बाभळीत गेली. काटे काढता काढता म्हणाले, "यंत्र चांगलं हाय. पायडल चुकीचं बसवलंय."

मला कचेरीत नोकरी लागली आणि सोमवारी शेरवानी घालून हजर व्हायचं होतं. सहा खेपा घातल्या. दरवेळी मशीन खडखडतेय, आणि शेरवानीचा पत्ता नाही! सातव्या खेपेला तणतणत आत घुसलो. बघतो तर आप्पा हातानं काजं करत बसलेले, पाय पायडलावर, आणि मशीनच्या सुईत दोराच नाही.

"आप्पा, ही काय थट्टा लावलीय?"

"हळू बोल रे दत्तू! आत तुझी काकू, गिरजा हाय. तिची नजर गेल्यापासून मशीन थांबली की तिला वाटतंय मी घरात न्हाई. लय घाबरती. तुझ्या शेरवानीचं अस्तर परभणीहून आणायचं राहिलंय, पण जाऊ कसा?"

माझा राग कुठल्या कुठं गेला. "उद्या तुम्ही जा. पायडल मी मारतो."

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या बैलगाडीनं आप्पा गेले. घटकाभरात माझ्या पोटऱ्यांत गोळे आले. तेवढ्यात आतून गिरजाकाकूंचा आवाज आला, "दत्तू, दमलास का रे?"

मी गारच पडलो. "काकू, कसं वळखलं?"

"जलम गेला ऐकण्यात. ह्यांचं पायडल असं अडखळत न्हाई, अन् काल तुमचं बोलणं बी ऐकलं व्हतं. अन् सुईत दोरा नसला की ते बी कळतंय मला. रोजच कळतंय."

"मग आप्पांना सांगत का न्हाई?"

"आधी भ्याव वाटायचं, आता न्हाई वाटत. पण सांगितलं तर ह्यांचा पाय थांबंल, मंग हेच घाबरतील. तू बी सांगू नको, बाबा."

दिवस मावळायच्या आत आप्पा धापा टाकत आले. "घाबरली न्हाई ना?" त्यांनी कुजबुजत विचारलं.

मी मान हलवली.

"अवो," आतून काकू म्हणाल्या, "आज लय काम होतं वाटतं? दिवसभर पायडल थांबलंच न्हाई तुमचं!"

आप्पांनी माझ्याकडं बघून डोळा मारला, मला बाजूला सारलं आणि पाय पायडलावर ठेवला.