एकसष्टीचा बिल्ला

बिल्ला करावा तर आपणच, याबद्दल सिडकोतल्या सत्यमच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. यंत्रात पत्र्याची चकती ठेवायची, वर फोटो, त्यावर प्लॅस्टिकचा पापुद्रा, दांडा दाबला की बिल्ला तयार! गणपती मंडळं, शाळा, पुढारी, सगळ्यांच्या छातीवर त्याचाच माल. फक्त देवगाव रंगारीच्या बन्सी पाटलांना त्याचं कौतुक नव्हतं. "बिल्ले ठोकून संसार व्हतो व्हय?" असं त्यांनी आपल्या लेकीला, मोनिकाला, तोंडावर विचारलं होतं. सत्यमचा जीव नेमका त्या लेकीत अडकलेला. लग्नाचं काय ते माझ्या एकसष्टीला सांगतो, म्हणून पाटलांनी त्याला टांगून ठेवलं होतं.

तेव्हा एकसष्टीच्या पाहुण्यांसाठी असा बिल्ला करायचा की म्हातारा पाघळलाच पाहिजे, असं सत्यमने ठरवलं. पाटलांचा फेट्यातला फोटो घेतला. फेटा उठून दिसावा म्हणून मागे काळा रंग दिला. मंगल कार्य म्हणून फोटोला झेंडूचा हार घातला. वय कळावं म्हणून खाली जन्माचं साल, मधे रेघ आणि यंदाचं साल. नमुन्याचा एक बिल्ला ठोकला, त्याचा फोटो एकसष्टीच्या तयारीसाठी काढलेल्या पाटलांच्या भावकीच्या ग्रुपवर टाकला, नम्रपणा दिसावा म्हणून सोबत नुसते जोडलेले हात पाठवले आणि गडी खुशाल चहा ठेवायला गेला.

चहाला उकळी फुटायच्या आत सिल्लोडहून निरोप आला, "भावपूर्ण श्रद्धांजली." पाठोपाठ दुसरा, "लई मोठा माणूस गेला." तिसरा, "माती कवा हाय?"

भावकीत कुणीतरी गेलेलं दिसतंय, असं सत्यमला वाटलं. होणाऱ्या जावयाने गप्प बसणं बरं नव्हे, म्हणून त्यानेही "भावपूर्ण श्रद्धांजली" लिहून टाकलं. मग गेलेल्याचं नाव बघायला निरोप वर सरकवले, तर सगळ्यांच्या वर त्याचाच बिल्ला. त्याने हातातला रिकामा कप खाली ठेवला. घाईघाईने त्याने फोटो पुसला. तो पुसला गेला फक्त त्याच्या स्वतःच्या फोनमधून.

मोनिकाचा फोन आला. "काय करून बसलास? बाबा मळ्यात गेलेत, फोन घरीच ठेवून. आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतीय, मालक जिते हायेत म्हणून, तर लोकं म्हणत्यात, बाईला धक्का बसलाय."

सत्यमने गाडी काढली. आता लग्न तर गेलंच, वर पाटील जिवंत ठेवतील की नाही हा प्रश्न होता. वेरूळला पर्यटकांच्या बसगाड्यांत तो अडकला, आणि तेवढ्यात सिल्लोडकरांची जीप त्याला ओलांडून पुढे गेली. जीपच्या टपावर टायरएवढा हार बांधलेला होता.

पाटलांच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. ओट्यावर कपाळ बडवत होते कडूबा, पाटलांचे चुलतभाऊ. शेताच्या बांधावरून दोघांची बोलाचाल कैक वर्षं बंद होती. "दादा, मीच बांध कोरला रं," ते हंबरत होते, "दर साली हातभर कोरला. आता कुणापुढं कबूल करू?"

"अन् गेलं कोण?" मागून घाबऱ्या आवाजात कुणीतरी विचारलं.

बन्सी पाटील! डोक्यावर गवताचा भारा तसाच. आपल्या दारातली गर्दी बघून त्यांच्या डोळ्यांना आधीच धार लागली होती. तुम्हीच गेलात, हे त्यांना कोण सांगणार?

सत्यम पुढे झाला, खिशातला बिल्ला त्यांच्या हातावर ठेवला आणि सगळं सांगून टाकलं. पाटलांनी बिल्ला उलटसुलट करून पाहिला. मग कडूबाकडे पाहिलं. कडूबा चप्पल शोधत होते, पण बांधाची कबुली सगळ्या गावाने ऐकली होती.

"पोरा, गोठ्यामागं चल," पाटील म्हणाले.

सत्यम गेला. गालफडात बसणार या हिशेबाने त्याने डोळे मिटून घेतले. थोडा वेळ काहीच झालं नाही, म्हणून त्याने एक डोळा उघडला. पाटील इकडंतिकडं बघत जवळ सरकले आणि खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाले,

"जावईबापू, असाच एक कडूबाचाबी बनवा. बांध थोडा मीबी कोरलाय, पर त्यो जिता हाय तवर मला काय सांगणं व्हायचं नाय."