सावंतकाकींचं मत

आमच्या चाळीत मतं मागायला कुणीही आलं, की सावंतकाकी त्याला आधी दारातल्या बाकड्यावर बसवायच्या, गूळ-पाणी द्यायच्या, त्याचं सगळं म्हणणं ऐकून घ्यायच्या आणि मग शांतपणे सांगायच्या, "तुका माझा मत नाय."

हे त्या सगळ्यांनाच सांगत. लाल झेंडेवाले येवोत, खादीवाले येवोत, गूळ सारखा आणि नकारही सारखाच. एकदा मी विचारलं, सगळ्यांनाच नाही म्हणता, मग मत देता तरी कुणाला? त्यांचं म्हणणं असं, की मागणाऱ्याला हो म्हटलं की तो आपलं मत खिशात टाकून घोरत पडतो. निकालापर्यंत त्याला झोप लागता कामा नये.

आमची बैठी चाळ मुलुंडला, नाहूरच्या अंगाला. बहुतेक बिऱ्हाडं कोकणातली. काकी विधवा, परळच्या गिरणीत वाइंडिंग खात्यात उभं आयुष्य काढलेलं, त्यामुळे आवाज यंत्रांच्या वर चढवायची सवय. मतदानाच्या सकाळी त्या परातीवर उलथनं बडवत चाळभर फिरत. सुट्टी म्हणून पत्ते कुटत बसलेल्या पुरुषांची त्या दिवशी वाट लागायची. बोटावर शाई नसलेल्या माणसाने पुढची पाच वर्षं नळावर उभं राहून सरकारला शिव्या द्यायच्या नाहीत, असा त्यांचा कायदा होता.

असं वागून माणसं तुटायचीच. त्यांचा एकुलता एक वसंताही तुटला. आई लाल झेंड्याची, तर पोरगा नव्या भगव्या झेंड्याखाली गेलेला. एका निवडणुकीत तो चार मित्रांना घेऊन, पत्रकं वाटत वाटत स्वतःच्याच दारात आला. काकींनी त्यालाही बाकड्यावर बसवलं, गूळ दिला आणि मित्रांसमोर तेच वाक्य ऐकवलं. पोरं हसली. वसंता उठला, तो बायकोला घेऊन चेंबूरला राहायला गेला. पुढे ना गणपतीला आला, ना शिमग्याला.

आणि मग बहिष्काराचं वर्ष आलं. पन्नासेक बिऱ्हाडांना एक नळ, त्यालाही बोटभर धार. चाळीच्या कमिटीने ठरवलं, दुसरा नळ मिळेपर्यंत चाळीतलं एकही मत पडणार नाही. सभेत सगळ्यांनी हात वर केले. काकी उठल्या.

"नळ माका पण होयो," त्या म्हणाल्या. "पण माझा मत मी खयच्याच नळाक बांधूचंय नाय."

जो मत देईल त्याला चाळीच्या नळावर पाणी नाही, असं अध्यक्षांनी बजावलं. काकींनी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवसापासून हंडा घेऊन लांबच्या विहिरीवर जायला लागल्या. शिक्षा व्हायच्या आधीच भोगायला सुरुवात.

मतदानाच्या सकाळी गल्लीच्या तोंडाशी आम्ही चौघे पहाऱ्याला उभे होतो. काकी धुवट लुगडं नेसून, हातात पितळी डबा घेऊन आल्या. मी आडवा झालो.

"बाजूक हो, दिन्या. नाय तर उचलून घराकडे ने माका."

उचलायची छाती कुणाचीच नव्हती. मला त्यांची समजूत काढायला मागोमाग धाडलं. शाळेच्या केंद्रावर शुकशुकाट होता. काकी आत गेल्या, मत देऊन लगेच बाहेर आल्या आणि पायरीवर बसल्या. मी म्हटलं, झालं ना मनासारखं, आता चला. त्या हलेनात. ऊन डोक्यावर आलं. डब्याला हात लावू देईनात.

शेवटी हळूच म्हणाल्या, "बहिष्काराचा त्याच्या कानार गेला असात, तर येवचो नाय तो."

मग एकेक उलगडलं. वसंताचं नाव अजून आमच्याच यादीत होतं. नावं तपासणारा माणूस आला, तेव्हा मुलगा इथंच राहतो म्हणून कधी खोटं न बोलणाऱ्या काकींनी ठणकावून सांगितलं होतं. वसंतानेही ते बदलून घेतलं नव्हतं. दर निवडणुकीला तो चेंबूरहून बस पकडून इथं यायचा. एकाने दिलेलं मत दुसऱ्याचं मत खायचं, हे दोघांनाही ठाऊक होतं.

दुपार कलता कलता तो आला. आईकडे न बघता आत गेला. बाहेर आला आणि पायरीपाशी थांबला.

"बारीक झालंस," काकी म्हणाल्या.

त्याने नुसताच घाम पुसला. काकींनी डबा उघडला. सुक्या बांगड्याची चटणी आणि तांदळाची भाकरी. त्याने उभ्या उभ्याच सगळं संपवलं, तिथल्या माठातलं पाणी प्याला आणि म्हणाला, "तू पण चालत येऊ नको गं एवढ्या उन्हात."

एवढंच. बस आली, तो गेला. काकी डबा घट्ट लावत राहिल्या.

मी कमिटीला सांगितलं, म्हातारी ऐकत नाही. पाणी त्यांचं बंद झालंच. पण शेजारणी पहाटे गुपचूप त्यांचा हंडा भरून ठेवू लागल्या.

पुढे एकदा सरकार मुदतीआधीच गडगडलं. पुन्हा निवडणूक, पुन्हा खर्च म्हणून सगळी चाळ वैतागली. मी काकींच्या दारावरून जात होतो. आत त्या चटणीसाठी सुके बांगडे भाजत होत्या आणि स्वतःशीच काहीतरी गुणगुणत होत्या.