डाव्या चाकाची गळती

त्या शनिवारी सुयश एकट्यानं विमान उडवून सुखरूप खाली उतरला. पण हे आपल्याला ठाऊकच नाही असं धरून चालू, कारण सकाळी ते सुयशलाही ठाऊक नव्हतं.

आठवडाभर तो इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्सच्या ऑफिसात कॉम्प्युटरसमोर बसायचा आणि शनिवारी कॉव्हेंट्रीजवळच्या फ्लाइंग क्लबात पगार हवेत उधळायचा. पायलटच्या पूर्ण ट्रेनिंगची शिष्यवृत्ती समोर दिसत होती. अट एकच, आधी एकदा एकट्यानं उड्डाण केलेलं हवं. अर्ज सोमवारपर्यंत पोस्टात पडायला हवा होता. सगळा हिवाळा ढगांनी खाल्ला होता. आज मात्र आकाश इतकं निळं होतं, की पोहे खाताना आपण खुर्चीच्या वीतभर वर आहोत, असं त्याला वाटत होतं.

आई-बाबा बघायला आले होते. दोघंही डॉक्टर, त्यामुळे माणूस कशाकशानं जातो याची दोघांना सविस्तर माहिती. आईला, म्हणजे सुप्रभाताईंना, नव्या डिजिटल कॅमेऱ्यानं विमानाचा फोटो काढायची परवानगी मिळाली. तेवढ्यात सुयश आणि त्याचा इन्स्ट्रक्टर ग्रॅहम चहा पिऊन आले आणि तपासणीला लागले. ग्रॅहम डाव्या चाकापाशी उकिडवा बसला, तो उठेचना. चाकावरून काहीतरी लाल ओघळत होतं. या छोट्या विमानांच्या ब्रेकचं तेल लालच असतं.

उड्डाण रद्द झालं. मेकॅनिकला बोलावलं. पश्चिमेकडून एक ढग आला, मग त्याचे नातेवाईक येऊ लागले. मेकॅनिक चाकाखाली शिरला आणि हातात लिंबू घेऊन बाहेर आला. त्यानं ते ग्रॅहमला दिलं, ग्रॅहमनं सुयशला. सुयशनं आईकडे पाहिलं.

"आई, काय केलंस?"

"काही नाही रे. नव्या गाडीला करतो तेच."

"ही गाडी नाहीये. आणि नवीन तर अजिबात नाही, माझ्या जन्माआधीची आहे."

"मग तर करायलाच हवं होतं."

"तरी मी म्हणत होतो," बाबा शांतपणे म्हणाले, "दव पडलंय, कुंकू ओघळेल."

सुयशनं ग्रॅहमला इंग्रजीत सगळं समजावलं. इंग्रजीत ते घातपातासारखं वाटलं. ग्रॅहमनं पुरावा मागितला. सुप्रभाताईंनी पर्समधून डबी काढली आणि त्याच्या कपाळावर बोट टेकवलं. मेकॅनिकनं कपाळ आणि चाक आळीपाळीनं पाहिलं. रंग जुळला. चाक पुसलं, ब्रेक तपासले. सुयश आणि ग्रॅहम विमानात बसले.

"एकच फेरी," टिळा लावलेला ग्रॅहम ढगांकडे बघत म्हणाला, आणि खाली उतरून त्यानं बाहेरून दार लावलं.

ग्रॅहमचं वजन गेल्यामुळे विमान नेहमीपेक्षा लवकर उचललं गेलं. वर कुणीच काही सांगत नव्हतं. खाली कालवा होता, मेंढ्या होत्या, कशालाच घाई नव्हती. एक ढग जिन्यात भेटलेल्या शेजाऱ्यासारखा ओळख न दाखवता बाजूनं गेला. रिकाम्या सीटकडे बघून सुयशला उगाच वाटलं, आता कुणीतरी डबा उघडेल.

सोमवारी शिष्यवृत्तीचा अर्ज गेला. त्याच पोस्टानं सुप्रभाताईंचाही एक अर्ज विमान वाहतूक खात्याकडे गेला:

"विनंती की, विद्यार्थ्याच्या पहिल्या एकट्याच्या उड्डाणात शेजारील आसनावर त्याच्या आईस बसण्याची मुभा असावी. ती एक शब्दही बोलणार नाही. उड्डाण एकट्याचेच धरण्यात यावे."