रोडगा क्रमांक दोन फलाट सोडून राहिला

आमचे शेजारी इंगळे काका कोणालाच "कसा आहेस?" असं विचारत नाहीत. "काय खाल्लं? किती वाजता?" असं विचारतात, घड्याळात बघतात आणि समोरच्याच्या पोटातली बातमी जाहीर करतात. "नऊचे पोहे ना? सुटले ते. आता लहान आतड्याच्या घाटात असतीन."

काकांची सगळी नोकरी अमरावतीच्या एसटी स्टँडवर माइकवरून गाड्या पुकारण्यात गेली. निवृत्त झाल्यावर स्टँड सुटला, म्हणून त्यांनी लोकांची पोटं चालवायला घेतली.

"जठर म्हंजे काय बे? स्टँड! वर एक फाटक, खाली एक फाटक. भिंतीत मसलचे तीन थर. एक उभा, एक आडवा, एक तिरपा. तिघं मिळून असे घुसळते का भाकरीची पेज होते. वरून तेजाब. मंग खालचं फाटक जराजरासं उघडते. तुपाची गाडी सगळ्यात लेट."

"एवढं तेजाब, तर स्टँड काहून जळत नाही?" मी एकदा त्यांना पेचात पकडायला गेलो.

"आतून चिकट लेप असते, राजा. दर चार-सहा दिवसाले नवा. माह्या घराले दिवाळीलेही चुना लागत नाही!"

काकू गेल्यापासून काका एकटेच रांधतात. दीडच्या जेवणासाठी त्यांचा कुकर सव्वाला शिट्टी देतो. आमच्या गल्लीतली घड्याळं त्यावर लावलेली आहेत.

अधिक महिन्यातला रविवार होता. नांदगाव पेठेजवळच्या शेतात मित्राच्या नवसाचे रोडगे होते आणि सासुरवाडीला माझं धोंड्याचं जेवण. निघताना काकांनी फाटकातच अडवलं.

"आज किती गाड्या?"

"एकच, काका," मी शपथेवर खोटं बोललो.

अकराला गोवऱ्यांवर भाजलेले, तुपात बुडवलेले कणकेचे पाच रोडगे वांग्याच्या भाजीशी हाणले. बाराला सासूबाईंनी पुरणाचे धोंडे वाढले. जावयाने नाही म्हणायचं नसतं, आणि मी एरवीही म्हणत नाही. सात धोंडे झाले.

सव्वाला घरी येऊन पलंगावर आडवा झालो आणि बायकोला कपाटाच्या किल्ल्या कुठे आहेत ते सांगू लागलो. तिने भिंतीवरून काकांना हाक मारली. काका धावत आले, येताना गल्लीतल्या डॉक्टरांनाही घेऊन आले. डॉक्टर तपासून "अजीर्ण" म्हणाले, गोळी दिली आणि हसू दाबत गेले.

काका मात्र गेले नाहीत. त्यांनी माझ्या पोटाला कान लावला.

"खरं सांग. किती गाड्या?"

"दोन."

"लेका! रोडग्याच्या मागं धोंडे लावले? अन् मले एक सांगतं?"

मग पाच वाजेपर्यंत त्यांनी मला उशीला टेकवून बसवलं, अंगणात फिरवलं, ओव्याचं पाणी पाजलं. दर अर्ध्या तासाने पोटाला कान आणि पुकारा: "रोडगा क्रमांक दोन फलाट सोडून राहिला! धोंडेवाल्यांनी गर्दी करू नये!"

साडेपाचला असा ढेकर आला की गल्लीतलं कुत्रं उठून बसलं. काकांनी टाळीच वाजवली. "घाटात अडकलेली धारणीची गाडी आली एकदाची, सुनबाई!"

जीव वाचल्याबरोबर मला मस्ती सुचली. त्यांच्याच थाटात घड्याळ बघत विचारलं, "काय खाल्लं, काका? किती वाजता?"

काकांनी घड्याळ बघितलं. तेव्हा कुठे मला आठवलं, आज कुकरची शिट्टी ऐकलीच नव्हती.

"स्टँड रिकामाच हाय," ते हळूच म्हणाले. मग पलंगाची चादर उगाच सारखी करत बसले. "हा सवाल तुही काकू करे. जेवून उठलो तरी करे. चार वर्सं झाले, कोनी इचारलं नाही."

बायको तोवर ताट वाढायला आत गेली होती. काका घड्याळ न बघता जेवले.

दुसऱ्या दिवशी कुकर वेळेवर बोलला. दोनच्या सुमारास मी भिंतीवरून ओरडलो, "काका, काय खाल्लं?"

"वरण-भात! एक वाजून तीस मिनिटं! गाडी वेळेवर!" पलीकडून खणखणीत पुकारा आला.

मी वळलो तेवढ्यात पुन्हा आवाज आला. या वेळी माइकचा नव्हता.

"उद्या बी इचारशीन ना बे?"