किटलीशेजारच्या चपला

हात धुता धुता जावयाने जाहीर केले, की आज निघणारा फोटो प्रदर्शनात लागल्याशिवाय राहत नाही. बायको ताटे उचलत होती, तिने मान हलवली. सासऱ्यांनी एक प्रदीर्घ जांभई दिली आणि ते वामकुक्षीला निघून गेले. ते अग्निशमन दलातून निवृत्त झालेले गृहस्थ. जावयाच्या छंदाला ते चारचौघांत ‘भंगारवाल्याचा जोडधंदा’ म्हणत. जावयाला आज त्या जांभईचेच तोंड बंद करायचे होते!

नव्या वस्तूला नुसता रंग असतो, जुनीला स्वभाव असतो, असे तो म्हणे. परसातल्या अडगळीच्या खोलीच्या दारावर तर त्याचा जीवच जडला होता. निळ्या रंगाचे पापुद्रे सुटलेले, फळ्याफळ्यांत फटी पडलेल्या आणि त्यावर दुपारचे तिरपे ऊन. पण ते ऊन शेजारची पाण्याची टाकी आड येईपर्यंतच टिके. त्याने दारापुढे स्टूल मांडले, त्यावर चोच तुटलेली किटली आणि काच तडकलेला कंदील ठेवला, चार पावले मागे सरला आणि डोळे बारीक केले. काहीतरी उणे होते. चित्रात माणसाचा वावर हवा होता, माणूस मात्र नको होता.

तेवढ्यात घराच्या मागल्या उंबऱ्यापाशी त्या चपला दिसल्या. टाचेशी झिजून पानासारख्या पातळ झालेल्या, अबोला धरलेल्या दोन म्हाताऱ्या बहिणींसारख्या एकमेकींकडे पाठ करून बसलेल्या! जावयाच्या अंगावर काटा आला. त्या रोज कोणाच्या पायात असतात, हा प्रश्न कलेपुढे गौण ठरला. त्या काखोटीला मारून तो घरात कुलूप शोधायला धावला, कारण अशा दाराला गंजके कुलूप नसणे हा त्याला गुन्हा वाटत होता.

इकडे सासरे जागे झाले. चपला जागेवर नव्हत्या. एखादा जुना जोड सापडेल म्हणून ते अनवाणीच परसात आले, स्टुलाला वळसा घालून अडगळीच्या खोलीत शिरले आणि खोक्यांत डोके खुपसून बसले. कललेले दार त्यांच्यामागे आपसूक मिटले.

जावई परतला, चपला किटलीशेजारी कलत्या ठेवल्या, कडी लावली आणि कुलूप अडकवून दाबले. इतकी वर्षे गंजलेले ते कुलूप आज्ञाधारकपणे बसले. त्याची किल्ली कोणत्या काळी हरवली होती, कोणास ठाऊक. पण उघडे कुलूप म्हणजे अर्धवट सोडलेले वाक्य, आणि जावयाला आज पूर्णविराम हवा होता.

पहिलाच फोटो असा उतरला, की त्याला नाचावेसे वाटले. दुसरा घेताना दार हलले. त्याने वाऱ्याला शिव्या दिल्या. मग दार बोलले.

“जावईबापू, माझ्या चपला कुठे पाहिल्यात का?”

जावयाने कॅमेरा खाली घेतला.

“राहू द्या, दिसल्या,” दार म्हणाले. “किटलीशेजारी.”

आवाज ऐकून बायको धावत आली. किल्ली कुठे आहे, असे तिने विचारले, आणि नवऱ्याचे तोंड पाहून ती पहार आणायला वळली. जावयाची नजर मात्र टाकीकडे होती. ऊन दारावरून उतरू लागले होते.

“बाबा,” तो अजीजीने म्हणाला, “तेवढे ऊन आहे तोवर जरा स्थिर राहाल?”

“मी कुठे जाणार आहे?”

आणि काय ते फोटो निघाले! ऊन पापुद्र्यापापुद्र्यावर थरथरत होते, किटली समाधी लागल्यासारखी दिसत होती. ऊन सरताच आतून सूचना येऊ लागल्या. आयुष्यभर आपण दारे बाहेरून फोडली, आत कोंडलेल्याने काय करायचे ते खात्याने शिकवले नाही, असे सासऱ्यांनी सांगितले. कुलपाच्या नादी लागू नका, कोयंडा उचकटा, असेही सांगितले. कोयंडा हाच दाराचा आत्मा आहे, असे जावई म्हणेपर्यंत बायकोने पहार घातली आणि एका हिसक्यात आत्मा मुक्त केला. शेवटी मुलगी कोणाची होती! सासरे बाहेर आले, स्टुलावरच्या चपला उचलून पायात घातल्या आणि चहा मागितला.

त्याच संध्याकाळी फोटो रवाना झाला. पुढच्या आठवड्यात प्रदर्शनाच्या चिटणीसबाईंचा फोन आला. घरातल्या सर्वांना ऐकू जावे म्हणून जावयाने स्पीकर लावला. परीक्षक भारावून गेले होते, असे बाई म्हणाल्या. तो प्रकाश, त्या चपला, वस्तूंमधली ती शांतता! जावयाने सासऱ्यांकडे हळूच पाहिले.

“मात्र हा विभाग निर्जीव वस्तूंचा आहे,” बाई पुढे म्हणाल्या. “आपला फोटो मोठा करून पाहिला, तर दाराच्या फटीत एक डोळा आहे. आणि तो फार रागावलेला आहे. आम्हाला फोटो बाद करावा लागला.”

फोन बंद झाला. जावयाने फोटो मोठा करून पाहिला, तर डोळा खरोखरच होता.

सासऱ्यांना मात्र तो फोटो पहिल्यांदाच आवडला. त्यांनी तो स्वतः चौकट करवून आणला आणि दिवाणखान्यात लावला. येणाऱ्याजाणाऱ्याला ते फटीवर बोट ठेवून दाखवतात, “हा मी. जावयाच्या ध्यानात आलं नव्हतं, पण परीक्षकांनी ओळखलं, की अजून जिवंत आहे.”

हल्ली दुपारी झोपताना ते चपला मात्र उशाशी घेतात.